कपाटातला जुना जीपीएसवाला फोन म्हणतोय, आज ३० एप्रिल २००६

ठिबकवाला (काटोल रोड) | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:१०

थंडी वाढली म्हणून वरच्या फळीवरून जाड रजई काढायला गेलो, तर रजईच्या घडीतून माझा जुना मिओ ए७०१ निघाला. स्टायलस (पडद्यावर टोचायची काडी) नाही, ती २००८ मध्येच नरखेडच्या कुठल्याशा धुऱ्यावर पडली. चार्जर मिनी-यूएसबीचा लागतो, तो मुलाच्या जुन्या कॅमेऱ्याचा सापडला. अर्ध्या तासाने पडदा उजळला आणि खरं सांगतो, जेवायला चला म्हणून तीनदा हाक आली तरी मी उठलो नाही.

गच्चीवर नेऊन ठेवला. दहा-बारा मिनिटं काही नाही. मग एकेक करत सॅटेलाइटच्या दांड्या उभ्या राहिल्या, अक्षांश-रेखांश आले. नव्या मोबाइलशी ताडून पाहिले, जुळले. पण त्याच पडद्यावर खाली तारीख काय? ३० एप्रिल २००६, रविवार.

आज रविवारच आहे. वेळ ग्रीनिचची दाखवतो, त्यात साडेपाच तास मिळवले की मिनिटाला बरोबर. म्हणजे जागा बरोबर, वेळ बरोबर, वारसुद्धा बरोबर, फक्त पंचांग वीस वर्षं मागे. फोनचं स्वतःचं घड्याळ नाही म्हणत मी, ते मी हाताने लावलं. ही तारीख जीपीएसकडून येते. हे काय गौडबंगाल आहे?

दुसरं, कार्डात माझ्या त्या काळातल्या सगळ्या खुणा आहेत. शेतं, विहिरी, वळणं. त्या बाहेर काढायच्या आहेत. कॉम्प्युटर फोनला ओळखतच नाही.


बे_ऐक | १४ डिसेंबर, रात्री ९:३२

काका फोटो पाहिला. फोन आहे का वीट आहे 😄

एक डाउट आहे, हसू नका. याला सॅटेलाइटची रेंज यायला वेगळा रिचार्ज मारावा लागत होता का?


ठिबकवाला | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

हसत नाही. तेव्हा माझ्या साहेबांनीही हेच विचारलं होतं.

रिचार्ज नाही. आपण रेडिओ ऐकतो ते आकाशवाणीला कळतं का? तसंच आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर वरून हे सॅटेलाइट दिवसाला दोन प्रदक्षिणा घालत आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात. आपला फोन नुसता ऐकतो. निरोप पोचायला किती उशीर झाला यावरून अंतर काढतो. कमीत कमी चार जण ऐकू यावे लागतात. तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या फोनचं स्वस्तातलं घड्याळ किती चुकतंय ते पकडायला. यात सिमचा संबंध नाही. सिम काढून टाकलं तरी हा फोन काटोलच्या रानात मला माझी जागा सांगायचा.

वीट म्हणालास म्हणून सांगतो. २००६ साली जीपीएस म्हणजे काडेपेटीएवढी वेगळी डबी असायची, ती ब्लूटूथने पीडीएला (खिशातल्या छोट्या कॉम्प्युटरला) जोडायची आणि दोघांची चार्जिंग वेगवेगळी सांभाळायची. तिसरा खिशातला फोन. या विटेत तिन्ही एकत्र होतं. विंडोज मोबाइल ५, ५२० मेगाहर्ट्झचा इंटेलचा एक्सस्केल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम (जीबी नाही, एमबी), पावणेतीन इंची पडदा, १.३ मेगापिक्सेल कॅमेरा. वाय-फाय नाही. आपली जागा एसएमएसने पाठवायची सोय होती, ती मी दोनदाच वापरली, कारण समोरच्याकडे ते आकडे घेऊन करायचं काय?

पण खरी करामत आतल्या चिपची. सर्फस्टार-३. त्याआधीचे रिसीव्हर झाडाखाली गेले की गप्प व्हायचे. हा संत्र्याच्या बागेत, दाट पानांखाली, कधी तर शर्टाच्या खिशातूनही सॅटेलाइट धरायचा. माझं सगळं काम बागेतच होतं, त्यामुळे मला हे एकच फीचर पुरलं असतं.


पीसीबी_काका (बर्डी) | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

तारखेचं सांगतो. फोन वेडा झालेला नाही, मोजणी संपली आहे.

जीपीएस सॅटेलाइट साल-महिना सांगतच नाही. तो सांगतो आठवड्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातला सेकंद. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू. पण आठवड्याच्या क्रमांकाला निरोपात जागा दिली फक्त १० बिट. १० बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. १०२४वा आठवडा आला की पुन्हा शून्य, जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा फिरायचा तसं. पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये फिरला, दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री.

१०२४ आठवडे म्हणजे ७,१६८ दिवस. आजच्या तारखेतून वजा कर: ३० एप्रिल २००६. आणि पूर्ण आठवडेच वजा होतात म्हणून वार चुकत नाही. मागच्या रविवारी लावला असता तर २३ एप्रिल दाखवला असता.

नव्या फोनमध्ये आपण कितव्या फेरीत आहोत हे सॉफ्टवेअर ओळखतं. तुमच्याला कोणी सांगितलंच नाही. तो बिचारा दुसऱ्या फेरीतच बसलाय.


बे_ऐक | १४ डिसेंबर, रात्री ११:४१

मग तारीख चुकली तर जागा कशी काय बरोबर येऊन राहिली?


पीसीबी_काका | १५ डिसेंबर, सकाळी ७:५०

कारण जागा काढायला आठवड्यातला सेकंद लागतो, साल लागत नाही. सॅटेलाइट आपली कक्षा सांगतो तीही त्याच आठवड्याच्या हिशोबात. तिथे सगळे एकाच चुकीच्या पंचांगावर चालतात, त्यामुळे आपसात जमतं. (सरकारी ऑफिसात असतं तसंच.)

आणि गच्चीवर दहा मिनिटं लागली त्याचंही कारण. सॅटेलाइट सेकंदाला ५० बिट या वेगाने बोलतो. ५० बिट! एकेका सॅटेलाइटचा स्वतःचा पत्ता ऐकायला ३० सेकंद, आणि मधे खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या सॅटेलाइटचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं. आजचा मोबाइल हे सगळं इंटरनेटवरून आधीच मागवून घेतो, त्याला ए-जीपीएस म्हणतात, म्हणून दोन सेकंदांत निळा ठिपका येतो. मोबाइल हुशार झाला असं नाही, त्याला पेपर आधीच मिळालेला असतो.


सौ_खामला | १५ डिसेंबर, दुपारी २:१५

आमच्याकडे यांचा एचपीचा आयपॅक होता, एचडब्ल्यू ६५१५. चौकोनी पडदा आणि खाली पूर्ण टाइपरायटरसारखी बटणं. तोही जीपीएसवाला. त्यात विंडोज मोबाइल २००३ होतं, आणि त्या पिढीत सगळं रॅममध्येच राहायचं. बॅटरी पार उतरली की पत्ते, भेटीगाठी, लिहिलेलं सगळं साफ. हे लग्नासाठी चंद्रपूरला गेले, चार्जर विसरले, आणि परत आले तेव्हा फोनमध्ये त्यांचं स्वतःचं नावसुद्धा नव्हतं. ठिबकवाले भाऊ, तुमच्या मिओत विंडोज मोबाइल ५ होतं म्हणून खुणा वाचल्या म्हणायच्या.

मला मात्र त्या जीपीएसचा राग होता. पाहुणे फोन करायचे, "वहिनी, आम्ही पोचलो, पण घर नाही." अहो, नागपुरात पत्ता म्हणजे ले-आउट आणि प्लॉट नंबर. पांडे ले-आउटमध्ये १४ नंबरच्या बाजूला १५ असेलच असं कोणी सांगितलं? प्लॉट कागदावर पडले तेव्हाचे नंबर, रस्त्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. शेवटी पानठेल्यावर विचारूनच यायचे सगळे.


तर्री_एक्स्ट्रा | १५ डिसेंबर, दुपारी ४:०२

आता आठ हजाराच्या मोबाइलमध्ये हे सगळं आणि वरून बोलून सांगते बाई. एवढं काय कौतुक करून राहिले त्या डब्याचं? भंगारात द्या न बाप्पा.


ठिबकवाला | १५ डिसेंबर, रात्री ९:३०

कौतुक नाही, उलटं सांगतो. माझ्या फोनमध्ये नागपूरचा नकाशाच नव्हता.

मेहुण्याने सिंगापूरहून आणला होता. मॅप उघडला की सिंगापूरची गल्लीन्‌गल्ली. आणि मी इथे झांशी राणी चौकात उभा. पडद्यावर पांढरं शुभ्र, मधोमध माझा बाण. बाण माझ्याबरोबर फिरायचा, पण कशावरून फिरतोय ते नाही. महासागरात एकटी होडी. भारताच्या नकाशाचं एक कार्ड मिळवलं एकाकडून, त्यात नागपूरचे मोठे रस्ते होते, पण काटोलच्या पुढे एक रेघ, बस. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या कार्डाने मला एकदा भर पावसात कालव्याच्या काठावर नेऊन सोडलं आणि बाईक काढायला बैलजोडी लागली.

म्हणून मी नकाशाचा नादच सोडला. नुसते आकडे वापरले.

माझं काम ठिबक सिंचनाचं. काटोल, नरखेड, वरुडपर्यंतचा संत्रापट्टा. शेतकऱ्याच्या विहिरीवर गेलो की एक खूण ठोकायची, नाव द्यायचं. पुढच्या खेपेला त्या खुणेवर "चल" म्हटलं की बाण दिशा दाखवायचा आणि खाली अंतर: १.८ किमी. रस्ता नाही सांगायचा, फक्त दिशा आणि अंतर. नाला आडवा आला तर तुमचं तुम्ही बघा. पण त्यामुळे झालं काय, की प्रत्येक वेळी डोकं वर ठेवून चालावं लागायचं. कोणत्या धुऱ्याने जायचं, कुठे कुंपण आहे, कुठे पाणी आहे. दोन वर्षांत त्या पट्ट्याचा नकाशा माझ्याच डोक्यात तयार झाला. आज बोलणाऱ्या बाईबरोबर गाडी चालवतो, तर मुलीच्या घरचा रस्ताही मला पाठ नाही. चार वर्षं झाली तिला तिथे राहायला जाऊन.

शिवाय धुऱ्यावरून फिरून शेताचं क्षेत्र काढायचो. नळ्या किती लागतील त्याचा अंदाज यायचा.


भूकरमापक_निवृत्त | १६ डिसेंबर, सकाळी ६:२०

तो फोन घेऊन धुऱ्यावर फिरणे म्हणजे मोजणी नव्हे, एवढे नम्रपणे सांगतो. आपल्यासारख्यांमुळे आम्ही फार मनस्ताप सोसला. शेतकरी म्हणायचे, ठिबकवाल्या साहेबाच्या मशीनमध्ये जास्त निघते, तुमच्या सात-बारावर कमी कसे?

अशा यंत्राची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे असते. शंभर मीटर बाजूच्या चौकोनी हेक्टरात एक बाजू पाच मीटरने लांबली आणि दुसरीही पाचने, तर क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढते. नळ्या दोन बंडल जास्त गेल्या तर चालते, बांध सरकला तर कोर्टात वीस वर्षे जातात.


ठिबकवाला | १६ डिसेंबर, सकाळी ८:४५

आजोबा, कबूल. मी तेव्हाही सगळ्यांना हेच सांगायचो की हे फक्त नळ्यांसाठी. ऐकणारे ऐकत नव्हते.


पीसीबी_काका | १६ डिसेंबर, सकाळी १०:१०

खुणा काढायचं: कॉम्प्युटरशी जोडायचा नाद सोडा. त्या फोनचं बोलणं कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्रोग्रामशी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हसिंकशी, आणि आजच्या विंडोजवर त्याच्याशी डोकं फोडण्यात अर्थ नाही. एसडी कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला. त्या काळचं साधं एसडी असणार, २ जीबीच्या आतलं, कोणताही रीडर वाचतो. बहुतेक खुणांची फाइल साधी टेक्स्ट असते, नोटपॅडमध्ये उघडेल.

आणि हौस म्हणून कॉल करायचा असेल तर सिम २जी चालणाऱ्या कंपनीचं टाका. फोन ९०० आणि १८०० वर बोलतो. जिओचं टाकलंत तर काही होणार नाही, त्यांच्याकडे २जी नाहीच.


ठिबकवाला | १८ डिसेंबर, रात्री ८:००

निघाल्या! ४१२ खुणा. नाव, अक्षांश, रेखांश, एका ओळीत एक.

पण नवीनच भानगड. दहा-पंधरा खुणा आजच्या मोबाइलच्या नकाशात टाकून पाहिल्या, तर सगळ्या सरकलेल्या. विहीर रस्त्यावर, देऊळ तळ्यात. प्रत्येक वेळी आग्नेयेलाच, आणि दीडशे मीटरच्या वर. मग गच्चीवर तो बरोबर जागा कशी दाखवत होता? तेव्हा सगळ्या शेतांत पोचत तर होतो मी. एवढा चुकणारा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.


भूकरमापक_निवृत्त | १९ डिसेंबर, सकाळी ६:०५

फाइलच्या सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काही शब्द आहे का पहा. "इंडियन" किंवा "एव्हरेस्ट" असे?


ठिबकवाला | १९ डिसेंबर, सकाळी ७:३०

आहे! दुसऱ्या ओळीत "इंडियन". आता आठवलं. तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटची (सरकारी तपशीलवार नकाशाची) एक झेरॉक्स होती माझ्याकडे, तिच्याशी खुणा जुळाव्यात म्हणून प्रोग्राममध्ये सेटिंग बदललं होतं. गच्चीवरचा पडदा वेगळ्या प्रोग्रामचा होता.


भूकरमापक_निवृत्त | १९ डिसेंबर, सकाळी ११:४०

मग यंत्र निर्दोष आहे. ही भानगड दोनशे वर्षे जुनी आहे, आणि तिचा धागा आपल्याच भागातून जातो.

अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीच्या एका मानलेल्या आकारावरची जागा. आकार बदलला की आकडे बदलतात. जीपीएस जो आकार मानते त्याला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात, तो सगळ्या पृथ्वीला मिळून बेतलेला. आपल्या जुन्या टोपोशीट १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या मानलेल्या चपट्या गोल आकारावर) काढलेल्या, तो हिंदुस्थानाला नीट बसावा म्हणून बेतलेला, आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. दोन्हींचे केंद्र एका ठिकाणी नाही. त्यामुळे एकाच विहिरीचे दोन पद्धतींतले आकडे आपल्या भागात दीडशे-पावणेदोनशे मीटरने वेगळे येतात. जुने आकडे नव्या नकाशावर जसेच्या तसे टाकले की आग्नेयेला सरकतात. आपण जाताना आणि येताना एकच पद्धत वापरत होता, म्हणून पोचत होता.

हे मोजमाप १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केले. साखळ्या आणि अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट (कोन मोजायचे यंत्र) घेऊन उत्तरेकडे सरकत आले, आणि नागपूरच्या वाटेवर जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. पुढचे काम त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले, ज्यांचे नाव शिखराला आहे. आपल्या शून्य मैलाच्या खांबाला लोक भारताचा मध्य म्हणतात, पण तो त्याच सर्वेक्षणाच्या परंपरेतला १९०७ चा उंची मोजण्याचा संदर्भबिंदू आहे. १०२०.१७१ फूट. दशांशानंतरचे तीन आकडे लक्षात घ्यावेत. आपले यंत्र तिथे काय उंची दाखवते?


ठिबकवाला | १९ डिसेंबर, रात्री ९:१५

आजोबा, नमस्कार. नोकरीला होतो तेव्हा तुमच्याशी भांडण्याऐवजी चहा प्यायलो असतो तर बरं झालं असतं.

फोन आला त्याच आठवड्यात शून्य मैलापाशी नेऊन उंची पाहिली होती. १०२० फूट म्हणजे ३११ मीटर. हा २९५ म्हणे, मग ३२०, मग ३०४. जागा नीट यायची, उंची नाचायची.


पीसीबी_काका | १९ डिसेंबर, रात्री १०:०२

उंची नाचणारच. सॅटेलाइट सगळे डोक्याच्या वर. खालून ऐकू येणारा एकही नाही, मधे पृथ्वी आहे. पूर्व-पश्चिम दोन्हीकडून कुणीतरी धरून असतं, उंचीला फक्त वरूनच दोर.

खुणांसाठी जीपीएसबेबल नावाचा फुकट प्रोग्राम आहे. फाइल त्यातून काढा, एका पद्धतीतून दुसरीत तो स्वतः बदलतो.


ठिबकवाला | २१ डिसेंबर, दुपारी १:३०

झालं! सगळ्या विहिरी विहिरीत जाऊन बसल्या. (फोन आज ७ मे २००६ म्हणतोय. ऊनही तेवढंच असतं तर मानलं असतं.)

आता मजा नावांची. मराठी टाइप होत नव्हतं, रोमन अक्षरात आळशीपणाने एका शब्दात नावं ठेवली होती. "चहा", "चहा२", "उतार", "वाकडंझाड", "पैसेबाकी" (हे चार ठिकाणी आहे). वरुडच्या अलीकडे एका विहिरीवर लिहिलंय "मारते". बहुतेक म्हैस असणार, एका मारक्या म्हशीने माझी बॅग फाडल्याचं आठवतं.


वरुडकर_संत्री | २१ डिसेंबर, सायंकाळी ६:४८

काका, इतके दिवस नुसता वाचत होतो. त्या विहिरीचा नकाशातला फोटो टाकला ना तुम्ही, ते आमचं शेत आहे. तुम्ही आले तेव्हा मी सातवीत होतो, तुमच्या त्या फोनला काडी कुठे आहे म्हणून विचारलं होतं आणि आईने तुम्हाला उदबत्तीची काडी दिली होती.

म्हैस नव्हती काका आमच्याकडे. मोटरच्या स्टार्टरची पेटी. करंट मारायची.

अजूनही मारते.